बारावं प्रकरण

माझ्या नवऱ्याने मरणाच्या दारात फादरला नको म्हटलं, आणि त्याला कारण मी होते. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, नाहीतर लिहिता लिहिता मी स्वतःला अलगद सोडवून घेईन. मला माझी सवय ठाऊक आहे. आमच्या वसईकडे कोणाला देवाचा अनुभव आला की तो चर्चमध्ये उभा राहून साक्ष देतो, मग सगळे टाळ्या वाजवतात आणि बाहेर येऊन चहा पितात. माझ्या साक्षीत टाळ्या वाजवण्यासारखं काही नाही. कृपा झाली हे खरं आहे. पण ती गोड असते असं मला जे लहानपणी शिकवलं होतं, ते खोटं निघालं.

मी वसईची, घरात मराठी बोलणारी, जन्माने कॅथलिक. मुंबईच्या एका हॉस्पिटलात नर्स होते आणि हे तिथेच एक्स-रे विभागात होते. हे पार दक्षिणेकडचे, तमिळ, पण तेही कॅथलिकच. हे वॉर्डात मला "सिस्टर" म्हणायचे, ते लग्न झालं तरी सिस्टरच म्हणत राहिले. घरी सांगितलं तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला, "कोणातला?" म्हणजे जात कुठली. आम्ही वसईकर एरवी नाकाने कांदे सोलतो की ख्रिस्तात सगळे एक, पण लग्नाचा विषय निघाला की पहिला प्रश्न हाच. ह्यांच्या घरीही तेच. ह्यांची धाकटी बहीण मला जवळजवळ चाळीस वर्षं "बॉम्बे लेडी" म्हणत आली, तोंडावर आणि माघारीही. थोरल्या भावाच्या बायकोला त्यांच्यात "अण्णी" म्हणतात, आपण वहिनी म्हणतो तसं. तो शब्द माझ्या वाट्याला कधी आला नाही. मला काही फरक पडत नाही, असं मी सगळ्यांना सांगायचे.

पुढे आम्ही साउथहॅम्प्टनला आलो, दोघांनी इथेच नोकऱ्या केल्या, मुलगी इथेच जन्मली आणि शिकून ग्लासगोला गेली. रिटायर झाल्यावर इथले लोक बागकाम करतात, ह्यांनी पाद्री गोळा केले. ज्या महाधर्मप्रांतात ह्यांचं गाव येतं त्याचा सगळा इतिहास लिहायचा ध्यास घेतला. महाधर्मप्रांत म्हणजे एका आर्चबिशपच्या अखत्यारीतली सगळी चर्चेस, गावं आणि माणसं. नाव मी लिहीत नाही, कारण पुढे ज्या भिंतीबद्दल सांगणार आहे, तसली भिंत काही एकाच महाधर्मप्रांतात नव्हती. आठवड्यातून दोनदा डबा घेऊन लंडनच्या ट्रेनने जायचे, जुने कागद चाळायचे आणि संध्याकाळी येऊन मला ऐकवायचे. पोर्तुगीजांचे पाद्री आणि रोमने पाठवलेले पाद्री आपसात कसे भांडले, एकाच गावात दोन चर्चेस कशी झाली आणि रविवारी कोणाची घंटा मोठी यावर कशी चढाओढ चालायची, हे मी भाजी चिरता चिरता ऐकलंय. मग फ्रेंच फादर, इटालियन फादर, मग पहिला आपला देशी बिशप. तिकडे महाधर्मप्रांताच्या स्थापनेची जुबिली, म्हणजे मोठा वर्धापनदिन, जवळ आली होती. जुबिली म्हटली की जाडजूड स्मरणपुस्तक आलंच. तिथल्या समितीच्या म्हाताऱ्या फादरांनी ह्यांना पत्र लिहिलं की इतिहास तुम्हीच द्या. हे इतके खूश झाले की त्या दिवशी भांडी ह्यांनी घासली.

लिहायचे ते इंग्रजीत, हाताने, आणि अक्षर म्हणजे नुसत्या मुंग्या. चाळीस वर्षांच्या संसारानंतर जगात ते फक्त मला वाचता यायचं. म्हणून टाइप मी करायचे. मार्जिनमध्ये माझ्यासाठी सूचना असायच्या, "सिस्टर, इथे नवा पॅरा", "सिस्टर, हे नाव तपास". टाइप केलेलं ईमेलने जायचं आणि मूळ हस्तलिखित समितीच्या संग्रहासाठी पोस्टाने. ईमेल मीच करायचे, पोस्टातही मीच जायचे. एकूण वीस प्रकरणं झाली. बारावं सगळ्यांत छोटं, चार पानांचं. ते गावच्या दफनभूमीतल्या भिंतीबद्दल होतं. भिंतीच्या अलीकडे वरच्या जातीचे कॅथलिक पुरायचे आणि पलीकडे दलित कॅथलिक. ती भिंत बांधायला विटा दिल्या होत्या ह्यांच्या सख्ख्या आजोबांनी. त्यांची वीटभट्टी होती. ह्यांनी आजोबांचं नाव लिहिलं होतं, लपवलं नव्हतं. मला म्हणाले होते, "सिस्टर, बाकीची एकोणीस प्रकरणं मी हे एक लिहिता यावं म्हणून लिहिली."

मी टाइप करत होते त्याच आठवड्यात नणंदेचा फोन आला. ह्यांनीच तिला कौतुकाने सांगितलं होतं काय काय लिहिलंय ते. हे घरी नव्हते, आणि हे घरी नाहीत हे तिने बघूनच फोन केला होता. म्हणाली, "अण्णी." मी दोनदा विचारलं, कोण बोलतंय. "अण्णी, मी बोलतेय. तुम्ही तिकडे लांब आहात. आम्हाला ह्या गावात राहायचंय. आजोबांचं नाव पुस्तकात आलं तर आम्ही तोंड कुठे दाखवायचं? अण्णा माझं ऐकणार नाही. तुमच्या हातात आहे, अण्णी."

बस, एवढंच. धमकी नाही, रडणं नाही. तीन वेळा अण्णी म्हटलं आणि मी विरघळले. ती चार पानं मी टाइपच केली नाहीत. तेराव्या प्रकरणाला बारावा नंबर दिला, पुढचे सगळे नंबर एकेकाने खाली आणले, एकोणीस प्रकरणं ईमेल केली आणि हस्तलिखितातून ती चार पानं काढून बाकीचं पोस्टात टाकलं. पानं फाडायला घेतली होती, खोटं कशाला सांगू. पण त्यांच्या हातचं फाडवेना. प्लास्टिकच्या कव्हरात घालून माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली. बाईचं प्रार्थनेचं पुस्तक कोणी उघडत नाही.

जुबिलीचं पुस्तक आलं तेव्हा ह्यांनी आधी अनुक्रमणिका पाहिली, मग बारावं प्रकरण उघडलं, मग सगळं पुस्तक मागून पुढे चाळलं. त्या संध्याकाळी जेवले नाहीत. समितीला पत्र लिहिलं की तुम्ही माझी पानं गिळली. तेही टाइप मीच केलं! उत्तर आलं, आम्हाला मिळालं ते सगळं छापलं. ह्यांनी लिहिलं, मग माझं हस्तलिखित परत करा. ते म्हातारे फादर बिचारे, त्यांनी लिहिलं की मी सगळी कपाटं पालथी घातली, पानं सापडत नाहीत, रोज प्रार्थना करतोय. त्यावर ह्यांनी त्यांना चोर म्हटलं आणि ते पत्रही मी टाइप करून पोस्टात टाकलं. वर्षभरात ते फादर वारले. ह्यांनी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला, जाणं सोडलं. रविवारी मी निघाले की म्हणायचे, "जा सिस्टर, माझ्यातर्फे पण त्या चोरांना सलाम सांग." आणि मी मूग गिळून बस पकडायचे.

सहा वर्षं! एकदा पापनिवेदनाला गेले तेव्हा फादरना सगळं सांगितलं. ते म्हणाले, प्रायश्चित्त एकच, घरी जा आणि नवऱ्याला सांग. मी काय केलं? पुढच्या रविवारी दोन बस बदलून दुसऱ्या चर्चला गेले. तिथे मग फक्त छोटी छोटी पापं सांगायचे, राग आला, जप चुकला, असली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय असतं ते मी तेव्हा शिकले. घरात कोणी "पान" म्हटलं तरी मी उठून ओटा पुसायला लागायचे. नणंद मात्र दर ईस्टरला फोन करायची आणि अण्णी, अण्णी करायची. तो शब्द ऐकून पहिल्यासारखा आनंद कधीच झाला नाही, पण नको म्हणायची ताकदही नव्हती.

मग ह्यांचं हृदय थकलं. गेल्या शरदात इथल्याच हॉस्पिटलात ॲडमिट केलं, वरच्या मजल्यावर. खिडकीतून लांबवर गोदीतल्या क्रेन दिसायच्या. मी आयुष्यभर नर्स, मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. डॉक्टर "वी विल कीप हिम कम्फर्टेबल" म्हणाले आणि मी मनात दिवस मोजायला लागले. आमच्यात आजाऱ्याच्या कपाळाला आणि तळहातांना फादर पवित्र तेल लावतात, त्याआधी तो आपली पापं सांगून मोकळा होतो. तेवढं झालं की माणूस शांतपणे जातो, असं मी लहानपणापासून पाहिलंय. मी विषय काढला. ह्यांनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला आणि म्हणाले, "ज्यांच्याकडे चार पानांना जागा नाही, त्यांचं तेल मला नको." ॲडमिट करताना नर्सने धर्म विचारला तेव्हाही "लिही, काही नाही" म्हणाले होते.

मुलगी ग्लासगोहून आली. तिला पानांचं काही ठाऊक नव्हतं. म्हणाली, "आई, डॅडी नको म्हणाले ना? मग तू का फोर्स करते? इट्स हिज चॉइस." तिचं बरोबर होतं, पण ती चॉइस खोट्यावर उभी होती आणि ते खोटं माझं होतं. एक वाक्य बोलायचं होतं. रोज सकाळी बसमध्ये मी ते वाक्य पाठ करायचे. पानं प्रार्थनेच्या पुस्तकासकट पर्समध्ये घेऊन जायचे आणि संध्याकाळी तशीच परत आणायचे. भीती वाटायची की ऐकून ह्यांचं हृदय तिथल्या तिथे थांबेल. असं मी म्हणायचे. खरं तर भीती वेगळीच होती, की हृदय थांबणार नाही आणि हे माझ्याकडे बघत राहतील. जपमाळ हातात घेऊन बसायचे आणि एकेका मण्यावर देवाशी भांडायचे. म्हटलं, तू पाण्यावरून चालतोस, मेलेल्याला उठवतोस, तर हे एक वाक्य माझ्या तोंडून काढ की! नाहीतर मी मरेपर्यंत तुझ्याशी बोलणार नाही. देव गप्प. म्हटलं, बरोबर आहे, माझ्याकडूनच शिकलास.

एका मंगळवारी दुपारी मुलगी कॅन्टीनमध्ये गेली होती. ह्यांच्या शेजारच्या बेडवर एक आयरिश म्हातारा होता, त्याला सकाळीच दुसऱ्या वॉर्डात हलवलं होतं. त्याला भेटायला म्हणून एक माणूस आला. काळं जाकीट, गळ्याशी पांढरी पट्टी, पंचेचाळिशीचा, सावळा. रिकामा बेड बघून परत वळला आणि वळता वळता त्याची नजर ह्यांच्या डोक्यावरच्या पांढऱ्या फळ्यावर गेली. तिथे पेशंटचं नाव लिहितात. ह्यांच्या गावाकडे पूर्वी आडनाव नसायचं. पासपोर्टाला हवं म्हणून ह्यांनी घराण्याचं नाव लावलं होतं. तो माणूस ते नाव वाचून जागच्या जागी थांबला. तमिळमध्ये काहीतरी विचारलं. मला तमिळ भाजीपुरतं आणि भांडणापुरतं येतं, पण गावाचं नाव कळलं.

ह्यांनी डोळे उघडले. "तुला कसं ठाऊक?"

"हे नाव विटांवर आहे," तो म्हणाला. मग माझा मराठीत पुटपुटलेला जप त्याच्या कानावर पडला असावा, माझ्याकडे वळून चक्क मराठीत बोलला, "मावशी, मी पुण्याला शिकलो, सात वर्षं. अजून येतं थोडं." तो फादर बेसिंगस्टोकजवळच्या एका चर्चमध्ये होता आणि इथल्या फादरांच्या सुट्टीत आठवडाभर हॉस्पिटल बघत होता. म्हणाला, "गावच्या भिंतीचा वरचा थर उघडा आहे. प्रत्येक विटेवर हे नाव खोल उमटलंय. लहानपणी आम्ही त्या अक्षरांतून बोटं फिरवायचो. मी इंग्रजी अक्षरं पहिल्यांदा तिथेच शिकलो."

"कोणत्या बाजूने?" ह्यांनी विचारलं.

"पलीकडच्या," फादर म्हणाला.

ह्यांनी उशीवरून मान उचलून त्याच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, "मी तुमच्या भिंतीबद्दल लिहिलं होतं. चार पानं. चोरांनी खाल्ली."

"आहेत कुठे ती?" फादरने सहज विचारलं.

आयरिश म्हाताऱ्याला त्या सकाळी हलवलं नसतं तर, इथले फादर सुट्टीवर नसते तर, ह्यांनी आडनाव दुसरं लावलं असतं तर, यावर मी कोणाशी वाद घालत नाही. घडलं ते असं घडलं. आणि मी काही धीर गोळा केला असंही नाही. पर्स मांडीवर होती. मी ती उघडली, पुस्तकातून कव्हर काढलं आणि पानं ह्यांच्या छातीवर ठेवली.

ह्यांनी स्वतःचं अक्षर ओळखलं. पहिलं पान पाहिलं, मग शेवटचं. "तू?"

"हो."

"त्यांनी नाही?"

"मी पाठवलीच नव्हती."

"का?"

"तुमच्या बहिणीने मला अण्णी म्हटलं." सहा वर्षं जे मनात एवढं मोठं होऊन बसलं होतं, ते बाहेर पडलं तेव्हा इतकं पोरकट वाटलं की मला तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. ह्यांनी डोळे मिटले. हृदय थांबलं नाही. मॉनिटर आपला टिकटिकत होता. डोळे न उघडताच म्हणाले, "त्या म्हाताऱ्या फादरला मी चोर म्हटलं. तो कपाटं शोधत मेला." एवढंच. मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मग फादरला म्हणाले, "वाच." फादरने पान डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, आणि मान हलवली. मुंग्या त्याला कशा वाचता येणार? पानं माझ्याकडे परत आली. जी पानं मी लपवली ती मलाच मोठ्याने वाचावी लागली, वॉर्डात, भर दुपारी, भिंतीपलीकडच्या माणसाला.

वाचताना माझा आवाज नर्सचा झाला, रिपोर्ट देताना होतो तसा कोरडा. गावात पलीकडच्या वस्तीतला एक म्हातारा धर्मशिक्षक वारला, त्याने पन्नास वर्षं मुलांना प्रार्थना शिकवल्या होत्या. परदेशी फादरांनी त्याला अलीकडच्या जागेत पुरायचं ठरवलं. गावाने फाटक लावून घेतलं. त्या दिवसांत चर्चमध्ये मरियामातेचा नोव्हेना चालू होता, ओळीने नऊ संध्याकाळी चालणारी प्रार्थना. प्रार्थना संपली की पुरुष मंडळी तशीच दफनभूमीत जायची आणि भिंत बांधायची. नवव्या दिवशी दोन्ही पूर्ण झालं. विटा आजोबांनी दिल्या, देवाच्या कामाला म्हणून. बिशपनी कडक पत्र धाडलं. पुढच्या वर्षी ते स्वतः आले, आणि जेवले आजोबांकडेच.

चौथं पान ह्यांच्या लहानपणाचं होतं. मृतांच्या दिवशी फादर बादलीतलं पवित्र पाणी शिंपडत सगळ्या कबरींवरून जायचे, आधी अलीकडे आणि मग वळसा घालून पलीकडे. हे सात वर्षांचे असताना भिंतीवर चढून बसले होते. पलीकडे पोचेपर्यंत पाणी संपलं. सेवकाने बादली विहिरीवर भरून आणली. त्या पाण्यावर कोणी प्रार्थना म्हटली नाही, कोणी क्रूसाची खूण केली नाही. फादर तेच साधं पाणी शिंपडत गेले आणि पलीकडचे लोक हात जोडून उभे होते. ह्यांनी घरी येऊन वडिलांना सांगितलं आणि थोबाडीत खाल्ली. शेवटची ओळ होती, "त्यानंतर त्या पाण्याबद्दल मी आजपर्यंत कोणालाच सांगितलं नाही."

मी पानं खाली ठेवली. फादर हसला, पण डोळ्यांनी नाही. "आम्हाला ठाऊक होतं ते," म्हणाला. "माझी आजी घरून बाटली आणायची. यात्रेला जाऊन तिथलं पवित्र पाणी भरून ठेवायची वर्षभर. फादर गेले की आम्ही सगळे परत शिंपडायचो." ह्यांच्या तोंडाचा आ झाला. फादर पुढे म्हणाला, "आणि सर, चार पानं फार कमी आहेत. आम्ही लिहिलं असतं तर चाळीस झाली असती."

हे हसले. मास्कच्या आत वाफ साचली इतके हसले, मग खोकले, मग डोळ्यांतून पाणी आलं. "भिंत आहे अजून?" त्यांनी विचारलं. "आहे. आता मध्ये दार केलंय," फादर म्हणाला. "दाराला कुलूप आहे." आणि मग अगदी घरातल्यासारखं, "तेल लावू का? की नको?"

"लाव," हे म्हणाले.

पापनिवेदन एकट्याने करायचं असतं, म्हणून मी बाहेर कॉरिडॉरमध्ये गेले. आत माझ्याबद्दल काय बोलणं झालं ते मला कधी कळणार नाही, आणि कळूही नये. मुलगी कॉफी घेऊन आली, तिला म्हटलं थांब, फादर आहेत. ती म्हणाली, "पण डॅडी नको म्हणाले होते!" मी म्हटलं, आता हो म्हणाले. आत बोलावलं तेव्हा फादरने ह्यांच्या कपाळाला आणि तळहातांना तेल लावलं. मग आम्ही हात धरून 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हटलं. ह्यांचा एक हात फादरच्या हातात होता. दुसरा मुलीने धरला. मी पायापाशी उभी राहून पांघरुणाची कड धरली.

त्यानंतर हे दोन दिवस होते. शांत होते, सगळे म्हणाले चेहऱ्यावर किती समाधान आहे. होतंही. माझ्याशी बोलले ते "पाणी", "उशी", "पडदा" एवढंच. रागाने नाही, पण सिस्टर म्हणून हाक एकदाही मारली नाही. बुधवारी फादर परत आला तेव्हा त्याने आणि मुलीने मला जबरदस्तीने चहाला पाठवलं. आले तोवर पानं छापायला म्हणून फादरच्या बॅगेत गेली होती. गुरुवारी सकाळी हे गेले. माफ केलं म्हणाले नाहीत. मी विचारलं नाही, कारण मरणाऱ्या माणसाकडून तो शब्द ओढून घ्यायचा मला काय हक्क होता?

तिकडे न्यायचं नाही, भिंतीच्या कोणत्याच बाजूला नको, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. इथे कौन्सिलच्या दफनभूमीत जी पुढची जागा येईल ती मिळते. ह्यांच्या डावीकडे एक पोलिश बाई आहे आणि उजवीकडे अजून कोणी आलेलं नाही. मिस्सा त्याच फादरने केली. संध्याकाळी मुलीला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, एका वर्डसाठी? बॉम्बे लेडीमध्ये काय एवढं वाईट होतं?" नणंदेला मीच फोन करून सांगितलं की पानं आता छापली जाणार. तिने फोन ठेवला. या ईस्टरला तिचा फोन आला नाही, आणि घर जरा जास्तच शांत वाटलं.

ह्यांना जाऊन महिना झाला त्या दिवशीच्या मिस्साला फादर पानं घेऊन आला. पलीकडच्या वस्तीतले शिकलेले लोक स्वतःचं पुस्तक काढतायत, त्यात हे प्रकरण जसंच्या तसं जाणार आहे. म्हणाला, "पण मावशी, हे अक्षर तुमच्याशिवाय कोणाला लागणार? टाइप तुम्हीच करा." ज्या हातांनी ती पानं सहा वर्षं दाबून ठेवली त्याच हातांत तो ती देऊन निघाला होता, आणि त्याला बस पकडायची घाई होती.

चौथ्या पानाच्या तळाशी दोन नव्या ओळी होत्या, मरणाच्या आदल्या दिवसाच्या, वाकड्यातिकड्या. मुंग्या आता अगदीच दमल्या होत्या. इंग्रजीत होत्या, मराठीत सांगते. "ही पानं सहा वर्षं माझ्या पत्नीने दडवून ठेवली. फाडली मात्र नाहीत." आणि बाजूला मार्जिनमध्ये, नेहमीच्या जागी, बारीक अक्षरात, "सिस्टर, ही तळटीप गाळू नकोस."

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडले. ह्यांच्या मरणाला रडले नव्हते इतकी. मग परत येऊन बसले.

देवाचे आभार मानते, पण दातओठ खात मानते. मी मागितलं होतं की माझ्या तोंडून एक वाक्य काढ. त्याने ते काढलं, आणि ज्याच्यासमोर बोलायला सर्वांत जास्त लाज वाटावी त्याच माणसाला आणून बसवलं. शरण जाणं म्हणजे गुडघे टेकून गोड गोड प्रार्थना म्हणणं, असं मला आयुष्यभर वाटत आलं. ते तसं नाही. जे आपण लपवलं ते आपल्याच हातांनी टाइप करायला बसणं, हे माझ्या वाट्याचं शरण जाणं होतं. दुसऱ्याचं काही वेगळं असेल.

चारही पानं टाइप केली. नंबर दिला, प्रकरण बारावं. तळटीप गाळली नाही. ह्यांनी त्यात नुसतं "माझ्या पत्नीने" लिहिलं होतं, माझं नाव घातलं नव्हतं. ते मी घातलं, बापाच्या नावासकट पूर्ण, आणि पाठवून दिलं.